लघुवित्त बँका : सर्वसेवा बँकांत रूपांतर

मर्यादित भांडवल, मर्यादित कार्यक्षेत्र किंवा मर्यादित कर्जव्यवहार या अटींवर परवाना मिळालेल्या बँकेस त्या अटींतून मुक्त करून सर्व प्रकारचे बँकव्यवहार करण्याची अनुमती देणे, म्हणजे लहान बँकेचे सर्वसेवा बँकेत रूपांतर होय. युनिव्हर्सल बँक या नावानेही सर्वसेवा बँक ओळखली जाते. भारतात हे रूपांतर आपोआप होत नाही. त्यासाठी बँकेला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करावा लागतो, ठरावीक निकष पूर्ण करावे लागतात आणि निकष पूर्ण झाल्यावरही मान्यता देणे वा न देणे हे रिझर्व्ह बँकेच्या निर्णयावर अवलंबून असते. २६ एप्रिल २०२४ रोजी लघुवित्त बँकांसाठी हे निकष स्वतंत्र परिपत्रकाद्वारे स्पष्ट करण्यात आले. तथापि त्यांमागील प्रश्न फार जुना आहे. लहान बँक आपल्या परिसरातील माणसाला ओळखते आणि मोठ्या बँकेच्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्याला कर्ज देते. परंतु धक्का सोसण्याची तिची ताकद कमी असते आणि ती बुडाली तर बहुधा त्याच माणसाची आयुष्यभराची पुंजी बुडते. लहान बँकेला किती वाढू द्यावे आणि कोणत्या पुराव्यावर वाढू द्यावे, याची उत्तरे भारतीय बँकिंग कायद्याने वेळोवेळी निरनिराळी दिली आहेत. [⟶ बँका आणि बँकिंग, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया].

पूर्वेतिहास : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वदेशी चळवळीच्या प्रेरणेने भारतात अनेक संयुक्त भांडवली बँका निघाल्या. बँक काढण्यासाठी त्या काळी वेगळा कायदा नव्हता. कोणत्याही व्यापारी कंपनीप्रमाणे नोंदणी करून ठेवी स्वीकारता येत. अधिकृत भांडवलाचा आकडा मोठा आणि प्रत्यक्ष वसूल भांडवल नाममात्र, अशी अनेक बँकांची स्थिती होती. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक व पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक बंद पडली. मुंबईच्या बँकेने चांदीच्या सट्ट्यात पैसा गुंतविला होता. त्यानंतर आलेल्या लाटेत १९१३ ते १९१८ या सहा वर्षांत ९४ बँका बुडाल्या. अपुरे भांडवल, अल्प मुदतीच्या ठेवींतून दीर्घ मुदतीची कर्जे देण्याची पद्धत, संचालकांचे स्वतःच्या उद्योगांना कर्ज देणे आणि तपासणीचा अभाव ही या संकटाची प्रमुख कारणे होती. पुढील शंभर वर्षांत नियामकांनी जे निकष घातले, ते बहुतेक या चार कारणांवरील उपाय होत.

१९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमाने लहान व मोठी बँक यांत प्रथमच कायदेशीर रेषा आखली. वसूल भांडवल व राखीव निधी मिळून किमान ५ लाख रुपये असलेली आणि ठेवीदारांच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने कारभार न करणारी बँक या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत समाविष्ट होण्यास पात्र ठरली. अशा बँकेस अनुसूचित बँक म्हणतात. तिला रिझर्व्ह बँकेकडे ठरावीक प्रमाणात शिल्लक ठेवावी लागे. त्या बदल्यात अडचणीच्या वेळी रिझर्व्ह बँकेकडून उसनवारीची सवलत मिळे. त्या काळी लहान बँकेच्या दृष्टीने ‘मोठे होणे’ म्हणजे अनुसूचीत जाणे होय. पुण्यात १९३५ मध्ये नोंदणी होऊन १९३६ मध्ये व्यवहारास प्रारंभ केलेली बँक ऑफ महाराष्ट्र १९४४ मध्ये अनुसूचित झाली. १९४३ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेली व कोल्हापूर–सांगली भागातील लहान व्यापारी, शेतकरी यांना कर्जे देणारी रत्नाकर बँक १९५९ मध्ये अनुसूचित झाली; पुढे २०१४ मध्ये तिने आरबीएल बँक हे नाव घेतले. लहान गावातून निघून देशव्यापी व्यवहारांपर्यंत पोहोचलेल्या बँकांची महाराष्ट्रातील ही ठळक उदाहरणे होत.

अनुसूचीबाहेरील बँकांसाठी १९३६ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने कामकाज सुरू करण्यापूर्वी किमान ५०,००० रुपये खेळते भांडवल असण्याची अट घातली. नफ्यातील ठरावीक हिस्सा राखीव निधीत टाकण्याचेही बंधन आले. तरीही १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुलभ पैशामुळे शाखांचा अविचारी विस्तार झाला व युद्धोत्तर काळात, विशेषतः फाळणीनंतरच्या बंगालमध्ये, पुन्हा अनेक बँका कोसळल्या. तेथील चार बँका एकत्र करून १९५० मध्ये युनायटेड बँक ऑफ इंडिया स्थापन करण्यात आली. अशक्त बँकांना बुडू देण्यापेक्षा त्यांचे एकत्रीकरण करावे, हे पुढे रूढ झालेले धोरण या प्रसंगी प्रथम ठळकपणे दिसले.

१९४९ चा अधिनियम : १६ मार्च १९४९ पासून अमलात आलेल्या बँकिंग कंपनी अधिनियमाने भांडवलाची अट कार्यक्षेत्राशी जोडली. एकापेक्षा अधिक राज्यांत व्यवहार करणाऱ्या बँकेस वसूल भांडवल व राखीव निधी मिळून किमान ५ लाख रुपये, आणि त्यांत मुंबई किंवा कलकत्ता येथील कार्यालयाचा समावेश असल्यास १० लाख रुपये आवश्यक होते. एकाच राज्यात व या दोन शहरांबाहेर काम करणाऱ्या बँकेस मुख्य ठिकाणासाठी १ लाख, त्याच जिल्ह्यातील प्रत्येक जादा ठिकाणासाठी १०,००० व जिल्ह्याबाहेरील प्रत्येक ठिकाणासाठी २५,००० रुपये अशी चढती श्रेणी होती. तथापि एकूण रक्कम ५ लाखांहून अधिक असण्याची गरज नव्हती. एकाच ठिकाणी व्यवहार करणाऱ्या बँकेस ५०,००० रुपये पुरत. जितके क्षेत्र मोठे तितके भांडवल मोठे, या तत्त्वानुसार तालुक्याच्या बँकेलाही कायद्यात जागा होती आणि तिला मोठे व्हावयाचे असल्यास वाट पायऱ्यापायऱ्यांची होती.

याच अधिनियमाच्या २२ व्या कलमाने परवाना सक्तीचा केला. बँक आपल्या विद्यमान व भावी ठेवीदारांचे देणे ते मागतील तेव्हा पूर्णपणे चुकते करू शकेल काय आणि तिचा कारभार त्यांच्या हितास बाधक तर नाही ना, हे तपासून परवाना द्यावयाचा होता. जुन्या बँकांना मात्र अर्ज नाकारला जाईपर्यंत कामकाज चालू ठेवण्याची मुभा असल्याने अनेक लहान बँका दीर्घकाळ परवान्याविनाच चालू राहिल्या. १९५१ मध्ये देशात ५६६ व्यापारी बँका होत्या. त्यांतील बहुसंख्य अनुसूचीबाहेरील होत्या.

एकत्रीकरणाचा काळ : १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. पलाई सेंट्रल ही अनुसूचित बँक असल्याने केवळ अनुसूचीतील नाव हे सुरक्षिततेचे प्रमाण नव्हे, हे लोकांच्या ध्यानी आले व केरळातील इतर बँकांपुढेही ठेवी काढून घेणाऱ्यांची रीघ लागली. या घटनेचे तीन दूरगामी परिणाम झाले. पहिला, त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती होऊन अशक्त बँकेचे सक्तीने विलीनीकरण करण्याची तरतूद आली. दुसरा, १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे कार्य सुरू झाले. प्रत्येक ठेवीदारामागे विम्याची मर्यादा प्रारंभी १,५०० रुपये होती. ती वाढत जाऊन ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. तिसरा, १९६२ च्या दुरुस्तीने नव्या बँकेसाठी किमान भांडवल सरसकट ५ लाख रुपये करण्यात आले. १९४९ च्या कायद्यातील चढत्या श्रेणीला त्यामुळे नव्या बँकांपुरता अर्थ उरला नाही.

विलीनीकरणे व समापने यांमुळे बँकांची संख्या वेगाने घटली; जून १९६९ मध्ये ती ८९ होती. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे व १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ग्रामीण भागात पोहोचण्याचे काम राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा व १९७५ पासून निघालेल्या प्रादेशिक ग्रामीण बँका यांच्याकडे सोपविण्यात आले. लहान खाजगी बँक वाढून मोठी व्हावी, हा विचार या दोन दशकांत धोरणातून जवळजवळ नाहीसा झाला. [⟶ राष्ट्रीयीकरण, बँकांचे].

उदारीकरणानंतर : १९९१ च्या नरसिंहम् समितीच्या अहवालानंतर जानेवारी १९९३ मध्ये नव्या खाजगी बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांत किमान वसूल भांडवल १०० कोटी रुपये होते. २००१ मध्ये ते २०० कोटी (तीन वर्षांत ३०० कोटी) आणि २०१३ मध्ये ५०० कोटी रुपये करण्यात आले. या काळातील रूपांतराचे एक वेगळे उदाहरण मुंबईत घडले. डेव्हलपमेंट को-ऑपरेटिव्ह बँकेने १९९५ मध्ये सहकारी स्वरूप सोडून खाजगी व्यापारी बँकेचे रूप घेतले. पुढे ती डीसीबी बँक म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे अनुकरण मात्र इतर सहकारी बँकांनी केले नाही.

ऑगस्ट १९९६ मध्ये स्थानिक क्षेत्र बँकांची योजना आली. किमान भांडवल ५ कोटी रुपये, त्यांत प्रवर्तकांचा वाटा किमान २ कोटी, आणि कार्यक्षेत्र परस्परांस लागून असलेले तीन जिल्हे, असे तिचे स्वरूप होते. तीन जिल्ह्यांतील ठेवी त्याच तीन जिल्ह्यांत कर्जरूपाने वापरल्या जाव्यात, ही कल्पना आकर्षक होती. प्रत्यक्षात अशा मोजक्याच बँका निघाल्या. गुजरातेतील एक बँक २००४ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन करावी लागली. कोल्हापूरच्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. तीन जिल्ह्यांतील अर्थव्यवहार बहुधा एकाच पिकावर वा एकाच धंद्यावर अवलंबून असतो. पाऊस हुकला वा भाव कोसळला की सर्व ऋणको एकाच वेळी अडचणीत येतात. भौगोलिक मर्यादेमुळे बँक ग्राहकाच्या जवळ राहते हे खरे. परंतु तीच मर्यादा जोखीम एकवटते, हा धडा या योजनेने दिला. पंजाबातील कॅपिटल लोकल एरिया बँक मात्र टिकून राहिली व रूपांतराच्या पुढील अध्यायात तिलाच पहिले स्थान मिळाले.

लघुवित्त बँकांचा उदय : रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील वित्तक्षेत्र सुधारणा समितीने २००८ मध्ये सुव्यवस्थित, लहान, खाजगी ठेवस्वीकारू बँकांना अधिक वाव देण्याची शिफारस केली. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी लघुवित्त बँकांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांतील रचना आधीच्या योजनेहून मूलतः वेगळी होती. येथे बंधन क्षेत्रावर नव्हते. बँकेला देशभर व्यवहार करता येत. बंधन होते ते कोणास व किती कर्ज द्यावे यावर. बँकेच्या समायोजित निव्वळ कर्जांच्या ७५ टक्के कर्जे अग्रक्रम क्षेत्रास द्यावयाची, कर्जसंचातील निम्मी कर्जे २५ लाख रुपयांपर्यंतची असावयाची आणि किमान २५ टक्के शाखा बँकसेवा न पोहोचलेल्या ग्रामीण केंद्रांत काढावयाच्या, अशा अटी होत्या. एका ऋणकोस भांडवली निधीच्या १० टक्क्यांहून व एका समूहास १५ टक्क्यांहून अधिक कर्ज देता येत नसे. किमान वसूल भांडवल १०० कोटी रुपये व भांडवल पर्याप्तता प्रमाण १५ टक्के ठरविण्यात आले. प्रवर्तकांचा वाटा प्रारंभी किमान ४० टक्के असावा व बारा वर्षांत तो २६ टक्क्यांवर यावा, अशी तरतूद होती. नक्त मूल्य ५०० कोटी रुपये झाल्यापासून तीन वर्षांत शेअर बाजारात नोंदणी करणे बंधनकारक होते. दुय्यम कंपन्या काढण्यास मनाई होती आणि नावात ‘स्मॉल फायनान्स बँक’ हे शब्द असणे सक्तीचे होते.

७२ अर्ज आले. त्यांतून १६ सप्टेंबर २०१५ रोजी १० अर्जदारांना तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यांतील बहुतेक सूक्ष्म कर्जे देणाऱ्या बँकेतर वित्तसंस्था होत्या. नवी मुंबईची सूर्योदय ही त्यांपैकीच एक. २४ एप्रिल २०१६ रोजी कॅपिटल ही देशातील पहिली लघुवित्त बँक सुरू झाली. तुलनेसाठी बंधन या संस्थेचे उदाहरण लक्षणीय आहे. तीही सूक्ष्म कर्जे देणारी संस्था होती. परंतु २०१३ च्या नियमांखाली तिला २०१४ मध्ये थेट सर्वसेवा बँकेची तत्त्वतः मान्यता मिळाली व २३ ऑगस्ट २०१५ रोजी तिची बँक सुरू झाली. एकाच प्रकारच्या संस्थांना एकास थेट व इतरांस टप्प्याटप्प्याने, असे दोन मार्ग अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने उपलब्ध झाले.

५ डिसेंबर २०१९ च्या सुधारित तत्त्वांनुसार लघुवित्त बँकेसाठी केव्हाही अर्ज करण्याची सोय झाली व नव्या बँकेसाठी किमान भांडवल २०० कोटी रुपये करण्यात आले. कामकाज सुरू होताच तिला अनुसूचित बँकेचा दर्जा मिळू लागला. अटींची अंमलबजावणी नाममात्र नव्हती. विहित मुदतीत शेअर बाजारात नोंदणी न झाल्यामुळे सप्टेंबर २०१९ मध्ये इक्विटास बँकेस नव्या शाखा उघडण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली होती. तिची नोंदणी नोव्हेंबर २०२० मध्ये झाली.

सहकारी बँकांचा मार्ग : नागरी सहकारी बँका संख्येने महाराष्ट्रात सर्वाधिक असल्याने रूपांतराचा प्रश्न येथे विशेष जिव्हाळ्याचा आहे. १ मार्च १९६६ पासून बँकिंग अधिनियम सहकारी बँकांनाही लागू झाला. परंतु नोंदणी, निवडणुका व समापन हे विषय राज्याच्या सहकार खात्याकडे राहिल्याने दुहेरी नियंत्रण निर्माण झाले. सहकारी बँकेत प्रत्येक सभासदास एकच मत असते व भाग दर्शनी किंमतीनेच परत मिळतो. त्यामुळे तिला बाहेरील गुंतवणूकदारांकडून भांडवल उभारणे कठीण जाते. वाढ ही मुख्यतः साठविलेल्या नफ्यातून व सभासदांच्या भागांतून होते. २०१५ मध्ये आर. गांधी समितीने २०,००० कोटी रुपये वा अधिक व्यवहार असलेल्या नागरी सहकारी बँकांनी व्यापारी बँकांत रूपांतरित व्हावे, असे सुचविले. २७ सप्टेंबर २०१८ च्या योजनेने किमान ५० कोटी रुपये नक्त मूल्य व ९ टक्के भांडवल पर्याप्तता असलेल्या नागरी सहकारी बँकेस स्वेच्छेने लघुवित्त बँक होण्याची वाट खुली केली. अशा बँकेने प्रारंभी १०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य गाठावे व पाच वर्षांत ते २०० कोटींवर न्यावे, असे २०१९ च्या तत्त्वांत ठरले.

या वाटेने जाणारी पहिली बँक उत्तर प्रदेशातील सहारनपूरची शिवालिक मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक होय; २६ एप्रिल २०२१ रोजी ती लघुवित्त बँक झाली. महाराष्ट्रातील सारस्वत (१९१८) व कॉसमॉस (१९०६) यांसारख्या मोठ्या बँकांनी मात्र सहकारी स्वरूपच कायम ठेवले. रूपांतरानंतर मताचा अधिकार भागांच्या संख्येनुसार ठरतो व सभासदाचा भागधारक होतो. हा बदल केवळ हिशेबाचा नसून मालकीच्या कल्पनेचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या सभासद असलेल्या कुटुंबांना तो सहज मान्य होण्यासारखा नाही.

सक्तीच्या परिस्थितीत घडलेले एक रूपांतरही येथे नोंदविले पाहिजे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि प्रारंभी ठेवीदारांस केवळ १,००० रुपये काढण्याची परवानगी मिळाली. एकाच समूहास दिलेली प्रचंड कर्जे लपविण्यात आली होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक नव्यानेच स्थापन झालेल्या युनिटी लघुवित्त बँकेत विलीन करण्यात आली. ठेव विम्यातून ५ लाख रुपयांपर्यंतची भरपाई झाली. त्यावरील वैयक्तिक ठेवी दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत परत करण्याचे ठरले. १९१३ मध्ये दिसलेले दोष, म्हणजे एकाच गटाकडे वळविलेला पैसा व अपुरी तपासणी, शंभर वर्षांनंतरही पुरते नाहीसे झाले नव्हते.

रूपांतराचे निकष : लघुवित्त बँकेस पाच वर्षांच्या समाधानकारक कामगिरीनंतर सर्वसेवा बँक होण्यासाठी अर्ज करता येईल, एवढे २०१४ च्या तत्त्वांतच म्हटले होते. २६ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने पुढील अटी निश्चित केल्या : (१) बँक अनुसूचित असावी व किमान पाच वर्षांची तिची कामगिरी समाधानकारक असावी. (२) तिचे भाग मान्यताप्राप्त शेअर बाजारात नोंदलेले असावेत. (३) लगतच्या आधीच्या तिमाहीअखेर लेखापरीक्षित नक्त मूल्य किमान १,००० कोटी रुपये असावे. (४) लघुवित्त बँकांसाठी विहित केलेले भांडवल पर्याप्तता प्रमाण पूर्ण असावे. (५) मागील दोन्ही आर्थिक वर्षांत निव्वळ नफा झालेला असावा. (६) मागील दोन्ही आर्थिक वर्षांत ढोबळ अनुत्पादक कर्जे ३ टक्क्यांहून व निव्वळ अनुत्पादक कर्जे १ टक्क्याहून अधिक नसावीत. याखेरीज, रूपांतर का हवे याची सविस्तर कारणमीमांसा अर्जासोबत द्यावी लागते. विविध क्षेत्रांत विभागलेला कर्जसंच असलेल्या बँकेस प्राधान्य असते. ओळखता येण्याजोगा प्रवर्तक असणे सक्तीचे नाही. मात्र विद्यमान प्रवर्तक असल्यास तेच पुढे चालू राहतात व रूपांतराच्या वेळी नवे प्रवर्तक घेता येत नाहीत. अर्जाची छाननी १ ऑगस्ट २०१६ च्या सर्वसेवा बँकविषयक तत्त्वांनुसार होते.

या निकषांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या बँकेचे भांडवल १,००० कोटी रुपये आहे असे मानू. १५ टक्के पर्याप्ततेच्या अटीखाली तिला सु. ६,६६७ कोटी रुपयांपर्यंतच जोखीमभारित मालमत्ता बाळगता येते. सर्वसेवा बँकेस ९ टक्के व त्यावर २.५ टक्क्यांचा संरक्षक थर, म्हणजे ११.५ टक्के भांडवल पुरते. तेव्हा तेवढ्याच भांडवलावर ती सु. ८,६९६ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते. अग्रक्रम क्षेत्राचे बंधनही हलके होते. १०,००० कोटी रुपयांच्या समायोजित कर्जांमागे लघुवित्त बँकेस २०१४ च्या अटीनुसार ७,५०० कोटी रुपये या क्षेत्राला द्यावे लागत; जून २०२५ मध्ये हे प्रमाण ६० टक्के केल्यामुळे ही रक्कम ६,००० कोटी झाली; सर्वसेवा बँकेस ४० टक्के म्हणजे ४,००० कोटी रुपये पुरतात. शिवाय मोठ्या उद्योगांना मोठी कर्जे देण्याची मुभा वाढते, दुय्यम कंपन्या काढण्यावरील बंधन सैल होते व नावातील ‘स्मॉल’ हा शब्द जातो. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कमी लेखू नये. ठेवीदार बँकेच्या नावावर विश्वास ठेवतो आणि स्वस्त ठेवी मिळणे न मिळणे त्या विश्वासावर अवलंबून असते.

प्रत्यक्ष अनुभव : या निकषांखाली जयपूरच्या एयू लघुवित्त बँकेने सप्टेंबर २०२४ मध्ये अर्ज केला. वाहनकर्जे देणारी बँकेतर संस्था म्हणून सुरुवात केलेली ही बँक एप्रिल २०१७ मध्ये लघुवित्त बँक झाली होती व १ एप्रिल २०२४ रोजी फिनकेअर ही दुसरी लघुवित्त बँक तिच्यात विलीन झाली होती. ७ ऑगस्ट २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने तिला तत्त्वतः मान्यता दिली. असा मान मिळविणारी ती पहिली लघुवित्त बँक होय. उज्जीवन व जना या बँकांनीही २०२५ मध्ये अर्ज केले. त्यांपैकी जना बँकेचा अर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये परत करण्यात आला.

सर्वांत कठीण ठरणारी अट अनुत्पादक कर्जांची आहे. सूक्ष्म कर्जे बहुधा तारणाविना, महिलांच्या गटांमार्फत दिली जातात. नेहमीच्या वर्षी त्यांची परतफेड उत्तम असते. परंतु नोटाबंदी (२०१६), कोविडची साथ (२०२०–२१) किंवा एकाच ऋणकोस अनेक संस्थांनी दिलेली कर्जे यांसारख्या कारणांनी ती एकदम बिघडते. दोन सलग वर्षे ३ टक्क्यांच्या आत राहण्याची अट म्हणून केवळ वसुलीची कसोटी नाही; ती अप्रत्यक्षपणे बँकेला विनातारण सूक्ष्म कर्जांकडून गृहकर्ज, वाहनकर्ज, सोनेतारण यांसारख्या सुरक्षित कर्जांकडे वळविते. विविधतेला दिलेले प्राधान्यही त्याच दिशेने नेते. म्हणजे ज्या ऋणकोसाठी लघुवित्त बँक निर्माण झाली, त्याच्यापासून काहीसे दूर गेल्याखेरीज तिला सर्वसेवा बँकेची पायरी चढणे अवघड होते.

मूल्यमापन : शंभर वर्षांच्या या इतिहासात निकषांचे स्वरूप तीनदा बदलले. १९३४ व १९३६ मध्ये कसोटी प्रामुख्याने भांडवलाच्या आकड्याची होती. १९४९ मध्ये ती भांडवल व कार्यक्षेत्र यांच्या प्रमाणाची झाली. २०१४ व २०२४ मध्ये भांडवलाबरोबरच नफा, कर्जांची गुणवत्ता, मालकीची रचना व बाजारातील पारदर्शकता यांचा काही वर्षांचा पुरावा मागितला जाऊ लागला. निव्वळ आकडा लवकर जुना होतो. अनुसूचित बँकेसाठी १९३४ मध्ये घातलेली ५ लाख रुपयांची अट कायद्यात तशीच राहिली, परंतु तिचा व्यावहारिक अर्थ केव्हाच संपला. कामगिरीचा पुरावा मागण्याची पद्धत या दृष्टीने अधिक टिकाऊ आहे. पलाई सेंट्रल बँकेच्या वेळी बाहेरून सुस्थितीत दिसणारी बँक आतून पोकळ होती. दोन वर्षांचे लेखापरीक्षित आकडे व शेअर बाजाराची सततची नजर अशी फसगत अशक्य करीत नसली, तरी कठीण निश्चित करतात.

दुसऱ्या बाजूने, पायऱ्या जितक्या उंच होतात तितके चढणारे कमी होतात. सहकारी बँक, लघुवित्त बँक व सर्वसेवा बँक अशी शिडी कागदावर पूर्ण झाली आहे. तथापि तळाच्या पायरीवरून वरच्या पायरीपर्यंतचा सबंध प्रवास कोणत्याही बँकेने २०२५ अखेरपर्यंत पूर्ण केलेला नव्हता. रूपांतरास प्रतिष्ठा मिळाली तर लहान राहणे हे अपयशाचे लक्षण मानले जाण्याचा धोका आहे. वास्तविक तालुक्यातील ऋणकोच्या दृष्टीने बँक किती मोठी आहे यापेक्षा ती उद्याही उघडी असेल काय आणि त्याला दारात उभे करील काय, हे दोन प्रश्न महत्त्वाचे असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे नियम १९१३ पासूनच्या प्रत्येक आपत्तीने अधिक कडक केले. दुसऱ्याचे उत्तर अग्रक्रम क्षेत्राच्या टक्केवारीवर सोपविण्यात आले असून रूपांतराबरोबर ती टक्केवारी कमी होते. रूपांतरित बँकेच्या जुन्या ग्रामीण शाखा व लहान कर्जे पुढील दहा वर्षांत टिकतात की घटतात, यावरच २०२४ च्या निकषांचे यश ठरावे लागेल.